जावयाच्या खोलीतले पंचवीस अंश

यंदा ज्येष्ठ अधिक आला. मधल्या खेपांना अधिक महिना पावसाच्या अंगानं येऊन गेला होता, त्यामुळे तो कुणाला फारसा जाणवला नव्हता. या वेळी मात्र पंचांगानं तो जादाचा महिना नेमका आमच्या उन्हाळ्याच्या डोक्यावर आणून ठेवला. वर्ध्याकडच्या सिंदीतली कुत्रीसुद्धा नळाखालच्या चिखलात पोट टेकवून पडलेली असतात अशा भर मे महिन्यात घराघरांतून पुरणाची डाळ शिजल्याचा वास यायला लागला. अधिकात लेक-जावयाला बोलवायचं, धोंडे करून जेवू घालायचं, हातावर वाण ठेवायचं. ते चुकवून चालत नाही. जावई तरी काय करतील बिचारे? मान घ्यायला म्हणून ते सिंदी रेल्वेच्या फलाटावर उतरतात, पहिली झुळूक तोंडावर घेतात आणि परतीच्या गाडीची वेळ विचारतात.

काल आमच्या समोरच्या घरी असेच एक जावई आले. रुमाल ओला करून डोक्यावर घातलेला, त्यावरून पाणी ओघळतंय, आणि त्याच थाटात दारात त्यांचं औक्षण झालं. मी खिडकीतून पाहत होते. पाहता पाहता मला हसू फुटलं, कारण मागच्या वेळी ज्येष्ठ अधिक आला होता तेव्हा याच गल्लीत, जावयासाठी राखून ठेवलेल्या खोलीत, जावयाच्या आधी मी एक मदरबोर्ड नेऊन ठेवला होता.

मी मदरबोर्ड तपासते आणि त्यांच्याबद्दल मराठीत लिहिते. हे सांगितलं की लोक आपल्या घरच्या बिघडलेल्या प्रिंटरबद्दल विचारतात. प्रिंटरमधलं मला काही कळत नाही. मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पोटातली ती मोठी पाटी, जिच्यावर प्रोसेसर, मेमरी आणि बाकीची सगळी मंडळी येऊन बसतात आणि जी त्या सगळ्यांना वीज वाढते. ती चांगली आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही, तिला कामाला लावावं लागतं. आधी कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ वेगानं एक जड काम करून घ्यायचं आणि मिळालेले गुण मांडायचे. मग सेटिंगमध्ये शिरून वेग वाढवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचं, आणि तेच काम पुन्हा करून घ्यायचं. कुठे तापते, कुठे दमते, कुठे मान टाकते ते पाहायचं. माझ्या आईच्या मते हे नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पंगतीच्या पोळ्या लाटायला बसवण्यासारखं आहे. तिचं म्हणणं मला अजून खोडून काढता आलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी पुण्याहून घरी आले होते. माझा विभागच कंपनीनं बंद केला होता. गल्लीत मात्र आईनं 'सुट्टीवर आली' असं सांगितलं होतं, आणि गल्लीनं ते मोठ्या मनानं ऐकून घेतलं होतं. कुठल्या सुट्टीला माणूस गादी, बादली आणि संगणकाचे सुटे भाग घेऊन येतो, असं कुणीही विचारलं नाही. पावसाळा लागला की परत पुण्याला जाऊन नवी नोकरी शोधायची, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. मला जायचं नव्हतं. त्यामागे काही उदात्त विचार वगैरे नव्हता. मला पहाटे स्टेशनाकडून येणारी मालगाडीची धडधड आवडायची, बाबांशी वर्तमानपत्राच्या पानांवरून भांडायला आवडायचं, आणि पुण्यात माझ्या खोलीला जी खिडकी होती ती दुसऱ्या इमारतीच्या संडासाच्या पाइपांवर उघडायची. मला इथे राहायचं होतं, इतकं साधं होतं ते.

त्यातच पुण्याच्या एका मराठी संकेतस्थळानं माझा एक लेख वाचून फोन केला. ते संगणकाच्या भागांची परीक्षणं छापत. मंदारसर म्हणून तिथले संपादक होते. ते म्हणाले, एक मदरबोर्ड पाठवतो, मूळ वेगाला आणि वाढवलेल्या वेगाला तपासून परीक्षण लिहा, जमलं तर पुढे नेहमीचं काम देऊ, घरूनच करा. 'घरूनच' हा शब्द त्यांनी सहज टाकला होता. मी मात्र तो दिवसभर तोंडात खडीसाखर धरावी तसा धरून हिंडत होते.

खोकं आलं तेव्हा आई हळद-कुंकवाची कोयरी घेऊनच दारात उभी. घरात नवीन यंत्र आलं की त्याला बोट लावल्याशिवाय ते चालू करायचं नाही. ती पाटीवरच कुंकू टेकवायला निघाली होती, मी हात धरला. "आई, त्याच्यावर काही सांडलं की संपलं. आणि तो आपला नाहीये, परत द्यायचा आहे."

"मंग त पूजा करालेच पायजे," आई म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू हाय."

शेवटी खोक्याच्या झाकणावर पाच बोटं उमटली. पुढे त्याच खोक्यावर मी बोर्ड मांडला. परीक्षण करणारे लोक बोर्ड डब्यात बंद करत नाहीत, असाच उघडा ठेवतात.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढलेला नाही त्याला इथे थोडं सांगायला हवं. होळी झाली की माळ्यावरून कूलर खाली उतरतो. बाबा त्याला धुतात, गंज खरवडतात, जुनं गवत काढून बाजूच्या ताट्यांत नवं भरतात, पंपाला तोंड लावून फुंकर मारतात. पहिल्यांदा पाणी सोडलं की त्या कोरड्या गवताचा जो वास घरभर पसरतो, त्याला मी अत्तराच्या वर नंबर देईन. मग दोन महिने सगळं घर त्या एका तोंडाकडे तोंड करून जगतं. जेवण त्याच्यापुढे, झोप त्याच्यापुढे, पाहुणा आला की त्याला त्याच्यापुढे बसवायचं आणि आपण थोडं बाजूला सरकायचं. दुपारी खिडक्यांना ओल्या चादरी. अंधाऱ्या खोलीत कवडशातून धूळ हळूहळू खाली येताना दिसते, आणि बाहेरून सगळ्या गल्लीच्या कूलरांची एकसुरी घरघर येत राहते. लहानपणी मला वाटायचं की हा उन्हाचाच आवाज आहे.

पण कूलरची हवा ओली असते आणि उघड्या बोर्डाला ओल चालत नाही, म्हणून मी माझ्या खोलीतला कूलर बंद केला आणि कामाला बसले. चाचणीचा प्रोग्राम एक भलंमोठं चित्र चौकोनाचौकोनानं रंगवतो आणि शेवटी गुण देतो. मी कपाळाला टॉवेल बांधून पाहत बसले. मूळ वेगाला गुण आले ते इतर परीक्षकांपेक्षा बरेच कमी. मग वेग वाढवला. पंखा किंचाळायला लागला, चित्र रंगलं, आणि गुण आले ते पहिल्यापेक्षाही कमी. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझ्या हनुवटीवरून घाम टपकून कीबोर्डवर पडत होता. वेग वाढवावा तर यंत्र मंद होत होतं, आणि मला ते पूर्ण समजतही होतं. तापलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपणहून हळू चालतो. आमच्याकडे दुपारी शेतावरून येणारा कुठलाही माणूस तसाच चालतो आणि त्याला कुणी नापास करत नाही.

तरी मी आकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी मंदारसरांचा फोन आला.

"प्रणिता, हे आकडे नक्की बरोबर आहेत ना? ओव्हरक्लॉक केल्यावर गुण कमी कसे होतील?"

"तापतोय सर. तापला की वेग पाडतो."

"खोलीचं तापमान किती होतं?"

"बेचाळीस."

"प्रोसेसरचं नाही गं, खोलीचं विचारतोय."

"खोलीचंच सांगतेय, सर."

मग ते समजुतीनं म्हणाले की सगळे परीक्षक पंचवीस अंशांच्या खोलीत तपासतात, नाहीतर एका बोर्डाची दुसऱ्याशी तुलना कशी करायची. एसीच्या खोलीत पुन्हा घेऊन बघ. नाही जमलं तर बोर्ड परत पाठव, वाईट वाटून घेऊ नकोस, पुण्याला आलीस की भेट, इथे आमच्याकडे खोली आहे. त्यांचा स्वर इतका चांगला होता की मला रडू आलं. पुण्याला आलीस की! मी फोन ठेवला आणि ओल्या चादरीत तोंड खुपसून बसले.

मूळ वेग, मूळ वेग म्हणतात, तो कुणाचा मूळ, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा पडला आणि अजूनही अधूनमधून पडतो. कुठल्या तरी गार देशात, गार खोलीत बसून कुणी तरी ठरवलं की हे यंत्र इतक्या वेगानं चालणं म्हणजे साधं चालणं. आमच्या सिंदीत मे महिन्यात तेवढं करायलासुद्धा त्याला जिवाचा आटापिटा करावा लागतो. म्हणजे आमच्याकडे नुसतं सुरू राहणं हेच ओव्हरक्लॉकिंग झालं. हे मी तेव्हा बाबांना सांगितलं. त्यांना ते फार पटलं आणि त्यांनी लगेच दुपारचा बाजार संध्याकाळवर ढकलला.

बाबांना माझं तोंड पाहवत नव्हतं. ते गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, कुठल्याही अडचणीवर घरातल्या घरात उपाय असतोच असं मानणारे. एसी कुठे मिळेल याचा त्यांनी मोठ्यानं विचार केला. "सेवाग्रामले दवाखान्यात हाय एसी," ते म्हणाले, "पण तिथं भरती व्हा लागते." मग दुपारी मी जेवायला उठले असताना त्यांनी बोर्ड सुरू असतानाच हॉलमधला कूलर ढकलत माझ्या खोलीत आणला, त्याचं तोंड नेमकं बोर्डाकडे केलं आणि नवं गवत भरपूर भिजवून तो जोरात सोडला. नव्या गवतातून सुरुवातीला थेंब उडतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण थेंब माणसाच्या अंगावर उडाले तर बरंच वाटतं ना! मी हात धुऊन आले तर संगणकाचा पडदा काळा, पाटीवर बारीक बारीक दव, आणि बाबा मोठ्या समाधानानं उभे.

"माणसाले गार लागते, त त्याले नाई लागत काय?" ते म्हणाले.

मी धावत जाऊन कूलर आणि बोर्ड दोन्हींची बटणं बंद केली. बोर्ड परत द्यायचा होता. तो गेला असता तर काम तर गेलंच असतं, वर मंदारसरांना काय तोंड दाखवणार होते मी? बाबांचा चेहरा माझ्याकडे बघून हळूहळू उतरत गेला, आणि मला त्या क्षणी बोर्डापेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

आईनं मात्र सूत्रं हाती घेतली. गच्चीवर तिच्या कुरडया वाळत होत्या. बाजेवर जुनं लुगडं, त्यावर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी, कडेला गव्हाच्या शेवयांसारखे सरगुंडे. बाजेच्या खालच्या सावलीत, थेट उन्हाबाहेर पण त्या भट्टीसारख्या वाऱ्यात, तिनं मला बोर्ड ठेवायला लावला. सगळे भाग काढून, नुसती पाटी. मी शेजारी छत्री घेऊन बसले. थोड्या थोड्या वेळानं आई जिन्यातून डोकं वर काढायची.

"पालटली काय? पालटून ठेव वं. कुरडी बी खालून ओली रायते अन् मंग बुरा येते."

मी पालटत होते. दुनियेतल्या कुठल्याही परीक्षकानं मदरबोर्ड असा पालटून पालटून वाळवला नसेल. कुरडयांचा आंबूस वास, तापलेल्या सिमेंटचा वास, दूर जिनिंगच्या आवारातल्या उरल्यासुरल्या सरकीचा वास. एक कावळा कुरडयांवर डोळा ठेवून होता, त्याला पाटीत रस नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाग जोडले, डोळे मिटून बटण दाबलं आणि पंख्याचा आवाज ऐकला. बाबा दाराबाहेर उभे होते, आत यायला धजत नव्हते. मी त्यांना हाक मारली तर ते आले आणि लांबूनच, दोन्ही हात पाठीमागे बांधून, पडद्याकडे बघत राहिले.

ही बातमी शेजारी गेली नसती तरच नवल. शेजारी रेखाकाकू राहतात. त्यांच्या लेकीला, स्वातीला, पिंपरीकडे दिलेलं, आणि जावई येऊन घामाघूम होतात म्हणून काकूंनी समोरच्या खोलीत एसी बसवलेला. तो गल्लीतला एकुलता एक एसी. त्यावर भरतकाम केलेलं झाकण, आणि रिमोट प्लास्टिकच्या पिशवीसकट लोखंडी कपाटात. काका स्वतः सगळा उन्हाळा कूलरपुढे झोपत. एसी जावयाचा होता, त्याला घरच्यांनी हात लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून तर त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. काकूच आल्या.

"तुले एसी पायजे व्हय? मंग बोलत काऊन नाई? मले बी तो चालवून पाह्यचाच हाय. मागच्या वक्ती जावई जेवून आडवे झाले, अन् हा घुर्र करून बंद पडला. माहं नाक कापलं गेलं. आठ दिवसात येऊन राह्यले ते. आण तुई ते पाटी, दोघायचीबी परीक्षा घेऊन टाकू."

परीक्षा दुपारीच घ्यायची, हा काकूंचा आग्रह. जावई दुपारीच आडवे होणार होते ना. मी आणि बाबांनी सगळं सामान नेऊन जावयाच्या पलंगाशेजारी स्टुलावर मांडलं. काकूंनी झाकण काढलं, रिमोट पिशवीतून बाहेर आला. खोली गार व्हायला लागली. काकू पलंगाच्या कडेला, पाय वर न घेता, पाहुण्यासारख्या बसल्या. स्वतःच्या घरात त्या या गारव्यात पहिल्यांदाच इतका वेळ बसत असाव्यात. माझा तापमापक उतरत उतरत पंचवीसवर आला. मी चाचणी सुरू केली. चित्राचे दोनचार चौकोन रंगले, आणि एसीच्या स्टॅबिलायझरनं खटकन कट मारला. एसी बंद, पडदा काळा, ट्यूबलाइट निरांजनासारखी मिणमिणती.

"व्होल्टेज," बाबा म्हणाले. भर दुपारी गल्लीतले सगळे कूलर सुरू असले की आमच्या डीपीवरून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरून, येणारी वीज अशीच खंगते. एसी आणि संगणक दोन्ही तिच्यावर चालणं शक्य नव्हतं.

काकू उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि उन्हात बाहेर पडल्या. त्यांचा आवाज मला आतून ऐकू येत होता.

"ओ वैनी! कूलर बंद करा वं जराक! प्रणूची परीक्षा हाय!"

"कायची परीक्षा?"

"कम्प्युटरची! अर्धा घंटा! माहा बी बंद हाय."

"अवो, आमच्या बुढ्याले गरमी सोसत नाई."

"त्यायले निंबाखाली आणून बसवा. ताक हाय माह्या घरी, पाठवून देतो."

आणि मग ते झालं, जे मी पुन्हा कधी ऐकलेलं नाही. एकेका घराचा कूलर बंद होत गेला. ज्या घरघरीला मी उन्हाचा आवाज समजत होते ती गल्लीच्या टोकापासून कमी होत होत आमच्या दारापर्यंत आली आणि थांबली. मे महिन्याच्या भर दुपारी गल्ली गप्प झाली. कुठे तरी पारवे घुमत होते. स्टेशनातून न थांबता जाणारी गाडी सबंध ऐकू आली, पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत. ट्यूबलाइट लखलखली. एसीनं हुंकार दिला.

मी चाचणी लावली. खिडकीच्या जाळीतून बाहेर गल्लीतल्या कडुनिंबाखाली सगळे दिसत होते. काकूंनी हाक मारलेल्या वहिनी खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या, त्यांचे सासरे, ज्यांना सगळे दादाजी म्हणत, बनियनवर खुर्चीत बसले होते, कुणी पाठीवर ओला पंचा टाकला होता. काकू तांब्यानं ताक वाटत हिंडत होत्या. आणि मी आत, पंचवीस अंशांत, अंगावर शहारा घेऊन. पडद्यावर चौकोन भरत होते. मला अतोनात लाज वाटली आणि तितकीच माया वाटली, दोन्ही एकदम, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळेना. मूळ वेगाचे गुण आले. जगातल्या सगळ्या परीक्षकांना येतात तेवढेच आले.

मी बाहेर गेले. "काकू, एक झालं. दुसरं राहिलंय, पण राहू द्या आता. सगळे किती तापलेत. पुन्हा कधी तरी घेईन."

दादाजींनी ताकाचा पेला खाली ठेवला. "आता अर्ध्यावर सोडू नको वं पोट्टे. बसलोच हाओ, त बसलो. जाय. घे त्याले पुरं पिळून."

घेतलं. वेग वाढवला आणि त्या पाटीनं एकदाही मान टाकली नाही. गुण चढे आले, चांगलेच चढे. मी दार उघडून नुसता अंगठा दाखवला तर निंबाखालून अशी काही आरोळी उठली की पारवे उडाले. मग सगळे धावत आपापल्या घरात गेले आणि कूलर पुन्हा घरघरायला लागले.

आता आमच्या गल्लीत बऱ्याच घरी एसी आहेत. डीपी नवी आली, ती दणकट आहे. मलाही या कामातून माझ्या खोलीपुरता एसी घेता आला आणि पंचवीस अंश मी हवे तेव्हा लावू शकते. दुपारी आता कुणी निंबाखाली बसत नाही, आणि कुणी का बसावं? उन्हाळा गोड होता असं म्हणणारी माणसं बहुधा दुसऱ्या गावी राहतात. मला तो उन्हाळा नको आहे. ती दुपार तेवढी हवी आहे.

परीक्षा झाली त्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळी चांगली झोप काढून मी परीक्षण लिहायला बसले. मंदारसरांनी पंचवीस अंशांचे आकडे मागितले होते. तेवढेच दिले असते तर परीक्षण निमूट पास झालं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे वाचणारा माणूस येत होता, चंद्रपूरचा, अकोल्याचा, हिंगणघाटचा. तो मराठीत वाचून हा बोर्ड घेईल, बेचाळीस अंशांच्या खोलीत लावील, वेग वाढवील आणि मग आपलंच काही चुकलं असं समजून कपाळाला टॉवेल बांधून बसेल. मी दोन्ही तक्ते दिले. आमच्या खोलीचा आणि जावयाच्या खोलीचा. आणि दुसऱ्या तक्त्याखाली, जिथे चाचणीची परिस्थिती लिहायची असते तिथे, लिहिलं: 'खोली पंचवीस अंश. चाचणी सुरू असताना गल्लीतले सर्व कूलर बंद होते.' ही ओळ वाचून ते मला वेडी समजतील आणि काम जाईल, अशी धाकधूक होती. ती ओळ मी दोनदा खोडली आणि पुन्हा लिहिली. मग परीक्षण पाठवून दिलं.

उत्तर येईना. आई माझी बॅग माळ्यावरून काढून झटकून ठेवते आहे, हे मला दिसत होतं.

जावई आले त्या दिवशी काकूंनी आम्हालाही जेवायला बोलावलं. एसी सुरू होता आणि एकदाही बंद पडला नव्हता, काकूंच्या चालण्यात ते दिसत होतं. जावई निखिलराव पाटावर बसले होते, आम्ही समोरच्या ओळीत. ताटात पुरणाचे धोंडे आले, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. मंदारसर. मी डाव्या हातानं कानाला लावला.

"प्रणिता, ती कूलरची ओळ. गंमत म्हणून लिहिलीस का?"

"नाही सर. परिस्थिती लिहायची असते ना."

"म्हणजे तुझ्या चाचणीसाठी लोकांनी खरोखर कूलर बंद ठेवले? वर्ध्याकडे? मे महिन्यात?"

"हो सर."

ते म्हणाले, "ओळ राहील. दोन्ही तक्तेही राहतील, तुझा बेचाळीसचा वर घेतोय. पुढचा बोर्ड उद्या निघेल. पुण्यात कुठे येणार आहेस, की तिकडेच पाठवू?"

"इकडेच," मी म्हटलं. "सिंदी रेल्वे. जिल्हा वर्धा."

फोन ठेवला तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते. आईनं घास हातातच धरला होता. मी म्हटलं, "काम मिळालं. मी जात नाही आता. इथेच राहणार."

बाबांनी मान खाली घातली आणि ते ताटातलं मीठ उगाच नीट करत राहिले. काकू तुपाची वाटी घेऊन निखिलरावांसमोर वाकल्या होत्या, त्या तशाच सरळ झाल्या.

"इथंच? म्हंजे असे खोके येतच रायतीन?"

"हो."

"अन् दर उन्हाळ्यात आमी निंबाखाली?"

काकू दोन पावलं माझ्याकडे आल्या आणि त्यांनी जावयाच्या आधी माझ्या धोंड्यावर तूप वाढलं.